ब्रेक-नळी : अभिजात स्पोर्ट्स मोटारीच्या जीर्णोद्धारातील निवड

ब्रेकच्या पेडलवर पडलेला जोर मास्टर सिलिंडरपासून चाकांजवळच्या सिलिंडरांपर्यंत द्रवदाबाने पोहोचवणारी बारीक, ताठ धातूची नळी. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबीसारख्या मोटारीत ती मुख्यतः ३/१६ इंच (सुमारे ४.७६ मिमी.) बाह्यव्यासाची असते. तिची भिंत जेमतेम ०.७ मिमी. जाडीची असते, आणि करकचून ब्रेक दाबल्यावर आत ७० बार किंवा त्याहून अधिक दाब येतो. या काळाच्या सुरुवातीच्या बहुसंख्य मोटारींचे ब्रेक एकाच मंडलावर (सर्किटवर) चालत. नळी एका ठिकाणी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात आणि हाती उरतो फक्त हँडब्रेक. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी मंडल सक्तीचे झाले. त्याआधीच्या बहुतेक मोटारींना हे संरक्षण नाही. म्हणून जीर्णोद्धारात रंग आणि क्रोमच्या आधी या नळ्यांचा विचार व्हायला हवा. जुनी नळी वरून कितीही चांगली दिसली तरी ती घासूनपुसून परत बसवणे गैरच.

मूळ नळी बहुधा पोलादाची असते. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळायची आणि भट्टीत तापवायची. मुलामा वितळून दोन्ही थर एकमेकांना झाळले जातात. १९२० च्या दशकात अमेरिकेत हॅरी बंडी याने ही पद्धत रूढ केली. बंडी नळी फ्रिजच्या मागेही असते. ती मजबूत, स्वस्त आणि मोठ्या प्रमाणावर बनवायला सोपी आहे. तिचा शत्रू गंज. बर्फाच्या देशांत रस्त्यावर टाकलेले मीठ चिखलाबरोबर क्लिपांच्या आत आणि अंडरकोटिंगच्या फटींत साचते आणि तिथे, नजरेआड, नळी पोखरली जाते. आतूनही धोका आहेच : डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि मालकाने ते वर्षानुवर्षे बदललेले नसते.

शुद्ध तांब्याची नळी गंजत नाही, हाताने वाकते आणि तिचे तोंड सहज फुलवता (फ्लेअर करता) येते. ब्रिटनमध्ये ती दीर्घकाळ सर्रास विकली गेली. तरीही ती टाळावी. तांबे वारंवार हलल्याने ताठ व ठिसूळ होत जाते. इंजिनाच्या आणि रस्त्याच्या थरथरीने, आधार कमी असलेल्या जागी किंवा नटाच्या तोंडाशी, धातू शिणून तडा जाऊ शकतो. काम करायला सोपी म्हणून तांब्याची नळी निवडणाऱ्याने आपली सोय पाहिली, मोटारीची नव्हे.

या दोहोंमधून वाट काढते ती तांबे-निकेल मिश्रधातूची नळी. तिच्यात सुमारे १० टक्के निकेल, थोडे लोह व मँगनीज आणि बाकी तांबे असते. कुनिफर हे तिचे प्रसिद्ध व्यापारी नाव. हाच मिश्रधातू जहाजांच्या कंडेन्सरमध्ये आणि समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या संयंत्रांत वापरला जातो, तेव्हा मिठाशी त्याचे कसे जमते ते वेगळे सांगायला नको. स्वीडनच्या व्होल्वोने १९७६ मध्ये ब्रेकसाठी ही नळी स्वीकारली, पुढे इतरांनीही. पोलादाइतकी ती ताठ नाही, पण तांब्यापेक्षा कणखर आहे आणि थरथर अधिक सोसते. रस्त्यावर चालवायच्या मोटारीसाठी, मग ती युरोपात असो वा मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत, हीच नळी घ्यावी.

स्टेनलेस पोलादाची नळी सुंदर दिसते आणि प्रदर्शनातल्या मोटारींवर शोभते. अडचण तिच्या कठीणपणाची आहे. मऊ केलेल्या स्टेनलेसच्याही तोंडाला दुहेरी फ्लेअर करताना चीर पडू शकते, आणि कठीण तोंड जोडणीतील पितळी बैठकीवर नीट दबत नाही. गळती थांबवायला नट आणखी आवळला की बैठकच खराब होते. विमानांच्या द्रवयंत्रणेत ३७ अंशांचा फ्लेअर आणि त्यामागे बाही वापरून हे सोडवतात. जुन्या मोटारीत मात्र त्यासाठी जोडणीचे सर्व भाग बदलावे लागतात. स्टेनलेस तारांचे वेष्टन असलेला लवचिक होज ही वेगळी वस्तू आहे. खरेदी करताना दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

धातू ठरला तरी निम्मे काम राहते, कारण नळी फसते ती बहुधा टोकाशी. बैठकीचा आकार पाहूनच तोंडाचा आकार ठरतो : बाहेर आलेल्या शंकूवर आत वळलेला दुहेरी फ्लेअर बसतो, खोलगट बैठकीत फुगीर बोंडासारखा. ब्रिटिश मोटारींत हे दोन्ही एकाच नळीच्या दोन टोकांना असू शकतात. आटे हा त्याहून मोठा सापळा. ब्रिटिश व अमेरिकी ३/८ इंच यूएनएफ नटाला इंचाला २४ आटे असतात. युरोपीय नट १० मिमी. व्यासाचा, १ मिमी. अंतराच्या आट्यांचा. व्यासांतला फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी आणि आट्यांच्या अंतरातला जेमतेम सहा शतांश मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. इंची नट मिलिमीटरच्या छिद्रात सैलसर फिरत जातो, आवळल्यावर धरल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली सुटू शकतो. प्रत्येक नटाला आट्यांची गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. जोडासाठी कॉम्प्रेशन फिटिंग मुळीच वापरू नये. जाड नळी घातल्याने ब्रेक जोरकस होतात हा समजही चुकीचा : दाब नळीच्या व्यासावर अवलंबून नसतो.

मूळपणाचा आग्रह धरणारे पोलादी नळीच मागतात. ती मागणी रास्त आहे, पण मग ठरावीक काळाने नळ्या बदलण्याची तयारी हवी. मूळपणाची अट कायद्यातही आहे : भारतात २०२१ मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणीची सोय दिली. त्यात चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल केलेला नसावा अशी अट आहे. ब्रेकची नळी तिच्या कक्षेत येत नाही.

बसवताना जुनी नळी नमुना म्हणून शेजारी ठेवावी आणि वाकवायच्या साधनानेच वळणे द्यावीत, म्हणजे नळी चपटत नाही. फ्लेअर करण्याआधी नट नळीत ओवावा. मूळ ठिकाणी क्लिपा लावाव्यात, पत्र्यातून जाणाऱ्या छिद्रात रबरी ग्रोमेट घालावा आणि एक्झॉस्टपासून अंतर राखावे. नळ्यांतील हवा काढून झाल्यावर पेडल काही मिनिटे जोराने दाबून धरावे आणि कोरड्या फडक्याने प्रत्येक जोड पुसून पाहावा. फडके ओले झाले तर तो जोड सोडवून तोंड पुन्हा करावे, नुसता नट आवळू नये.