तासाभराचा वळसा

झुरिकहून मिलानला जायचं होतं. भाच्यानं मोबाइलवर वेळापत्रक काढून समोर धरलं. थेट गाडी, सव्वातीन-साडेतीन तास, कुठे उतरायचं नाही, चढायचं नाही. "मामू, डोळे मिटून बसा, डोंगर संपला की उघडा," तो म्हणाला. मी म्हटलं, मला जुन्या मार्गाने जायचंय. त्याने पुन्हा बोट फिरवलं. बेलिन्झोनाला गाडी बदलावी लागणार, बॅग उचलावी लागणार, आणि तासाभराहून जास्त वेळ जाणार. "आणि ढग आले तर काहीच दिसणार नाही," हेही त्याने ऐकवलं. गुडघ्यांचा विषय त्याने काढला नाही, पण तो त्याच्या मनात होता, हे मला कळलं.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. २०१६ साली गॉटहार्डचा पायथ्याचा बोगदा सुरू झाला. लांबी ५७ किलोमीटर, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. एर्स्टफेल्डजवळ गाडी आत शिरते आणि वीसेक मिनिटांत आल्प्सच्या पलीकडे बोदियोला बाहेर पडते. वर काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जाड खडक असतो आणि आपण आत चहा पीत असतो. हे साधल्यावर डोंगर चढून जायचा हट्ट कशासाठी, असं कुणीही विचारील.

पण वळसा कशाला म्हणायचं, तेही बघायला हवं. १८८२ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे १३४ वर्षं, हाच मुख्य मार्ग होता. जर्मनीचा कोळसा, इटलीची माणसं, सगळं याच रुळांवरून गेलं. नवा बोगदा झाला, त्या दिवशी तो 'वळसा' ठरला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यावर खोपोलीच्या जुन्या घाटरस्त्याचं जे झालं, तेच.

माझं कारण मात्र वेगळं होतं, आणि भाच्याला ते सांगायला जरा संकोच वाटत होता. माझे आजोबा कल्याणला रेल्वेत होते, घाटातल्या मालगाड्यांच्या इंजिनांवर. त्या विजेच्या इंजिनांना आमच्याकडे 'खेकडा' म्हणत. मधे केबिन, दोन्ही टोकांना लांबलचक नाकाडं, आणि वळण आलं की अंग सांध्यांत वळवून जाणारं. १९२८ च्या सुमारास ती बोरघाट आणि थळघाटासाठी आली. त्यांचा आराखडा झुरिकजवळच्या विंटरथुर गावातल्या कारखान्याचा, पहिली काही इंजिनंही तिथेच बनलेली. गॉटहार्डच्या चढावर त्याआधी काही वर्षांपासून याच घडणीची इंजिनं धावत होती. तिकडे त्यांना 'मगर' म्हणतात. मगर आणि खेकडा एकाच घराण्यातले. मी लहानपणी ज्याचा आवाज ऐकला, त्याचं गाव वाटेवर होतं. तासाभरासाठी ते सोडायचं?

चढही सारखाच आहे. बोरघाटात रूळ ३७ फुटांना एक फूट चढतो. गॉटहार्डच्या दोन्ही बाजूंचा कमाल चढ साधारण तेवढाच. आमच्याकडे कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात, तिथे एर्स्टफेल्डला जादा इंजिनं जोडायचे. फरक इतकाच की बोरघाट १८६३ साली झाला, म्हणजे गॉटहार्डच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. युरोपातून आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो क्षणभर गप्प होतो, आणि मला त्यात थोडा आनंद होतो, हे कबूल करतो.

एर्स्टफेल्डला माझी गाडी थांबली. तिथे एक जुनी मगर स्मारक म्हणून ठेवलेली आहे, पण उतरायला वेळ नव्हता. मग चढ सुरू झाला. वासेन नावाचं गाव येतं. तिथलं पांढरं चर्च आधी डोक्यावर दिसतं, मग खिडकीच्या बरोबरीने, मग खाली. गाडी डोंगराच्या पोटात वळणं घेत त्याच गावाभोवती वर जात असते. खरं सांगायचं तर चर्च लहानसं आहे आणि शेजारून मोटारींचा महामार्ग घोंघावत असतो. निव्वळ निसर्गासाठी कुणी हा वळसा घेणार असेल, तर ढग नसलेला दिवस बघून घ्यावा. स्वित्झर्लंडमध्ये यापेक्षा देखणे मार्ग आहेत.

ग्योशेनेनला जुना बोगदा लागतो. १५ किलोमीटर. म्हणजे डोंगर चढून आल्यावरही शेवटी अंधारच. माझा वळसा वसूल झाला तो याच अंधारात.

हा बोगदा १८७२ साली सुरू झाला. कंत्राट जिनिव्हाकडच्या लुई फाव्र या माणसाने घेतलं, आठ वर्षांत पुरा करण्याच्या बोलीवर. उशीर झाला तर दर दिवसाला दंड. तो दंड शेवटी मजुरांच्या अंगावरून वसूल होतो, हे कुठल्याही कंत्राटाबद्दल खरं असतं. मजूर बहुतेक उत्तर इटलीतले गरीब शेतकरी. आत तापमान तिशीच्या वर, डायनामाइटचा धूर, पाणी, आणि शौचाची सोय नाही. त्या चिखलातून आकडी जंतांची साथ पसरली. माणसं फिकट पडून गळून जाऊ लागली. ट्युरिनच्या डॉक्टर पेरोंचितोंनी १८८० साली या मजुरांमधला आजार जंतांचाच आहे हे दाखवून दिलं. तोवर बोगदा जवळजवळ झालाही होता.

१८७५ च्या जुलैमध्ये ग्योशेनेनच्या बाजूचे मजूर संपावर गेले. त्यांना आवरायला सशस्त्र लोक आणले गेले, गोळीबार झाला, चार मजूर मेले. बांधकामात मेलेल्यांचा अधिकृत आकडा सुमारे दोनशे आहे. आजाराने घरी जाऊन मेलेले त्यात नाहीत. खुद्द फाव्र १८७९ साली बोगद्याच्या आतच हृदयविकाराने गेला. पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजू भेटल्या, तेव्हा पडलेल्या छिद्रातून सगळ्यांच्या आधी फाव्रचा फोटो पलीकडे सरकवला गेला. दोन्ही बाजूंच्या खोदकामात आडवा फरक होता फक्त ३३ सेंटिमीटर.

इथे मला बोरघाटाचा सॉलोमन ट्रेडवेल आठवला. घाटाचं कंत्राट घेऊन तो १८५९ साली भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे नेऊन पुरं करून घेतलं. तिचं नाव इतिहासात राहिलं, हे चांगलंच झालं. पण त्या घाटात पटकीने आणि सुरुंगांनी जी हजारो माणसं गेली, त्यांतलं एकही नाव मला माहीत नाही.

बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला आयरोलो. मी तिथे उतरलो. हे वेळापत्रकात नव्हतं, भाच्याला फोनवर कळवलं तेव्हा तो हसला. स्टेशनाजवळच विन्चेन्झो वेला या शिल्पकाराने घडवलेलं उठावशिल्प आहे, 'श्रमाचे बळी'. मजूर आपल्या मेलेल्या सोबत्याला स्ट्रेचरवर उचलून नेताहेत. वेलाने ते १८८२-८३ च्या सुमारास, कुणी सांगितलेलं नसताना, स्वतःहून केलं. ब्राँझमध्ये ओतून ते इथे बसवायला १९३२ साल उजाडलं. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा आणि शिल्पकार दोन्ही होते, त्यांनाही पन्नास वर्षं लागली.

मी शिल्पासमोर दहा-पंधरा मिनिटं उभा होतो. पुढची गाडी यायला बराच वेळ होता. बाकावर बसून भाचीने दिलेल्या चपात्या खाल्ल्या. तिकिटाचा नाही, वेळेचा हिशेब केला. एका तासाचे आता तीन झाले होते.

जाताजाता एक गोष्ट. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्या बोगद्यात मालगाडी घसरली आणि रूळ उखडले. सगळं पूर्ववत व्हायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडला. त्या काळात झुरिकहून मिलानला जाणाऱ्या बऱ्याच प्रवाशांना निवड नव्हती. त्यांच्या गाड्या जुन्याच रुळांवरून, तासभर जास्त घेत, वासेनच्या चर्चला तीनदा बघत गेल्या.

मिलानला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. भाच्याचा फोन आला. "काय दिसलं, मामू?" मी त्याला खेकड्याबद्दल सांगायला सुरुवात केली. आपल्या पणजोबांचं इंजिन विंटरथुरच्या घराण्यातलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. तो रोज त्याच गावावरून ऑफिसला जातो.