गांजाचं एक झाड लावलं तरी गुन्हा. 'ऑटोफ्लॉवर' वाणालाही सूट नाही

साधा गांजा दिवस लहान होऊ लागले की फुलतो. 'ऑटोफ्लॉवर' वाण मात्र वयावर फुलतं, तीन-चार आठवड्यांतच. झाड बुटकं, कुंडीत मावणारं. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि 'घरी चालतं' असा समज होतो. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी तीन झाडं लावता येतात, हे खरं. पण तो कायदा तिथला.

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. कलम २० नुसार विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. किलोचा हिशेब जवळ सापडलेल्या गांजाला. लागवडीला एक झाडही पुरतं.

खंडाने दिलेल्या रानात, उसात किंवा तुरीत कुणी झाडं लावली तर? कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाने लगेच पोलिसांना कळवायचं. माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हाच. सरपंच, पंचांवर हीच जबाबदारी कलम ४७ टाकतं. झाडं परस्पर उपटू नयेत. आधी ठाण्यात किंवा ११२ वर सांगावं.

अंबाडीचं पान थोडं तसंच दिसतं, पण ती भाजी. तिची भीती नको.