भायखळा, 1849: उद्यापासून वॉर्ड

सन 1849, भाद्रपद महिना, गिरगावातली एक वाडी. माजघरात सगळे निजलेत आणि तुम्ही ओसरीवर तेलाच्या दिव्याशी वही उघडून बसला आहात. बाहेर पावसाची रिपरिप चालू आहे. मुंबईत रेल्वे धावायला अजून चार वर्षं आहेत. तुमचं वय वीस-एकवीस. तुम्ही ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी आहात आणि उद्या सकाळपासून भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई हॉस्पिटलात तुमच्याकडे खाटा सोपवल्या जाणार आहेत.

या प्रवासात एक मुभा आहे. आज तुम्हाला जे ठाऊक आहे, ते सगळं बरोबर नेता येतं. म्हणजे या घटकेला तुम्ही शहरातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त जाणता. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख 1884 मध्ये कलकत्त्यात ओळखणार आहे. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला 1897 मध्ये सिकंदराबादेत दिसणार आहे. तुम्हाला दोन्ही माहीत आहे. तरीही पोटात गोळा आलाय आणि झोप लागत नाही.

ही भीती परीक्षेच्या भीतीसारखी नाही. शरीरशास्त्राच्या वर्गात डॉ. जॉन पीट यांनी विचारलेल्या शिरा आणि धमन्या तुम्ही धडाधड सांगितल्यात. मढ्याला हात लावला म्हणून घरी कुरकुर झाली, तेव्हा अंघोळ करूनच घरात पाऊल टाकायचं असा तह झाला आणि तेही निभावलं. पण चिरफाडीच्या टेबलावरचा माणूस कधी तुमच्याकडे बघत नव्हता. उद्याचा बघणार आहे. तो विचारील, मी बरा होईन ना? त्याचं उत्तर वहीत नाही. आणि भोवती सगळे उभे असताना साहेबांनी इंग्रजीत काही विचारलं आणि तोंडून शब्द फुटला नाही तर?

सकाळी चिखल तुडवत निघा. पागोटं नीट बसवा, वही उपरण्याखाली धरा. भायखळ्याला पोहोचलात की समोर दिसतं ते हॉस्पिटल 1845 मध्ये सुरू झालं. सर जमशेटजींनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले, म्हणून नाव त्यांचं. शेजारच्या कॉलेजला नाव मिळालं ते 1838 मध्ये वारलेल्या गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचं. दोन्ही संस्था जोडीनं चालतात. कॉलेजात ऐकलेलं लगोलग खाटेशी पडताळून बघायचं, अशी त्यामागची कल्पना.

आत पाऊल टाकताच काय नाही ते आधी जाणवतं. फिनेलचा वास नाही, कारण लिस्टरची कार्बोलिक ॲसिडची जखमपट्टी 1865 ची. शिकलेली परिचारिका नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शाळा लंडनला निघेल ती 1860 मध्ये. रक्तदाब मोजायचा पट्टा नाही, एक्स-रे नाही, काखेत लावायचा आटोपशीर थर्मामीटरही नाही. ताप आहे की नाही हे तळहातानं ठरवायचं. लाकडी नळीचा स्टेथोस्कोप मात्र आहे. लाएनेकनं तो 1816 मध्ये शोधला. नाडी, जीभ, छातीवर बोटानं ठोकून येणारा आवाज आणि रोग्याचं बोलणं, एवढीच तुमची सामग्री.

तुमचे प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड. शिक्षण एडिंबराचं, पुढे पॅरिसला पिएर लुईंच्या हाताखाली. लुईंचा आग्रह असा की एका रोग्यावरून मत बनवू नका, पुष्कळ रोग्यांच्या नोंदी ठेवा आणि मोजा. मोरहेडनी तीच शिस्त भायखळ्याला आणली. विद्यार्थी इथे क्लिनिकल क्लार्क होतो. ठरलेल्या खाटा त्याच्या. रोग्याची हकिगत त्यानं लिहायची, रोज काय पालटलं ते टिपायचं आणि फेरीच्या वेळी खाटेशी उभं राहून सांगायचं. आज मेडिकलची मुलं ज्याला केस घेणं आणि केस प्रेझेंट करणं म्हणतात, तेच हे.

तुमची पहिली खाट. कोकणातून आलेला हमाल, बंदरावर कापसाच्या गासड्या वाहणारा, चाळिशीचा असावा. तुम्ही समोर उभे राहता आणि नेमकं या क्षणी डोकं रिकामं होतं. परजीवीचं सगळं जीवनचक्र पाठ आहे, पण पहिलं वाक्य सुचत नाही. वहीतल्या रकान्यांच्या क्रमानं तुम्ही विचारू लागता: वय, गाव, धंदा. तोही एकेका शब्दात उत्तरं देतो. मग त्याच्या पोटाला हात लावता तेव्हा तो अंग चोरतो.

"वैद्यबुवा, हात गार आहे तुमचा."

तुम्ही हात चोळता, खाटेच्या कडेला बसता आणि पुन्हा विचारता, "बाबा, हे सुरू कधी झालं?" आता तो बोलायला लागतो. "परवा दुपारी हुडहुडी भरली. काल बरा होतो. आज परत भरणार बघा." झालं. पाळीचा ताप, एक दिवसाआडचा. हे निदान त्यानंच हातात दिलंय. डाव्या बरगडीखाली आता पोट सैल लागतं आणि वाढलेली पानथरी बोटांना अडते. औषध आहे. क्विनीन 1820 मध्येच वेगळं काढलं गेलं आणि इथं ते देतात.

निजता कुठे, असंही तुम्ही विचारता. बंदरावर, पाण्याजवळ, उघड्यावर. तुमच्या लेखी याचा अर्थ डास. साहेबांच्या लेखी याचा अर्थ दलदलीतून उठणारी दूषित हवा. तुम्ही वहीत दोन्हींतलं काहीच लिहू नका. तो म्हणाला तेवढंच लिहा. दूषित हवेचा सिद्धांत पुढे पडेल, पण तुमची नोंद खरीच राहील. ज्यानं नीट विचारून नीट लिहिलं त्याचं काम कारण बदललं तरी वाया जात नाही, आणि या वॉर्डातला पहिला धडा हाच आहे.

दुसरी खाट अवघड आहे. पटकी. रोगी रात्री आणला गेला. डोळे खोल गेलेत, बोटांची कातडी सुरकुतलीय, आवाज बसलाय. उपचार काय, तर कॅलोमेल आणि अफू. त्याला हवं ते तुम्हाला कळतं: पाणी, मीठ, साखर. लीथच्या थॉमस लॅटानं 1832 मध्येच पटकीच्या रोग्यांच्या शिरेत खारं पाणी सोडून पाहिलं होतं, पण ते मागे पडलं. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस मीठ-साखरेच्या पाण्यानं माणसं वाचवतील. तुम्ही क्लार्क आहात. औषधयोजना बदलायचा हक्क तुम्हाला नाही, आणि जंतूंची गोष्ट काढलीत तर ऐकणार कोण? तो पाणी मागतो. ते तुम्ही घोट घोट पाजता. नाडी कधी लागली, कधी लागेनाशी झाली, ते लिहिता. संध्याकाळी तो जातो.

रात्रीच्या गोळ्याच्या तळाशी हेच होतं. आपल्या देखत कुणी मरेल आणि आपण नुसते बघत राहू. ही भीती खोटी नव्हती. तसं घडलं, पहिल्याच दिवशी घडलं. पावणेदोनशे वर्षांचं जास्तीचं ज्ञान डोक्यात असूनही घडलं. म्हणून भीतीचा उपाय आणखी चार प्रकरणं पाठ करण्यात शोधू नका. पहिल्या खाटेशी तुमची जीभ मोकळी झाली ती खाली बसल्यावर, आणि दुसऱ्या खाटेशी तुमच्या हाताला काम मिळालं ते तिथून न हलल्यामुळे.

आता परत या, पण वाटेत दोन तारखा बघून घ्या. 1851 मध्ये या कॉलेजचे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड होते, पुढे 1867 मध्ये प्रार्थना समाज उभारणारे आत्माराम पांडुरंग होते, गोव्याचे जुझे कामिलो लिश्बोआ होते. आणि 1856 मध्ये मोरहेडनी भारतातल्या रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ छापला. त्याचा आधार काय? जे. जे. आणि युरोपियन जनरल हॉस्पिटलातल्या रोग्यांच्या नोंदी.

तुमची पोस्टिंग उद्या सुरू होत असेल, तर आजच्या वॉर्डाचं गणितही ध्यानात घ्या. युनिटच्या डॉक्टरांमागे ओपीडी आहे, इमर्जन्सी आहे, शस्त्रक्रियांची यादी आहे. इंटर्न रक्ताचे नमुने घेऊन धावतोय. सिस्टरांकडे खाटा फार आहेत. एका रोग्यापाशी अर्धा तास बसायची सवड अख्ख्या वॉर्डात एकट्या विद्यार्थ्याला असते, आणि पुढे डॉक्टर झाल्यावर ती तुम्हालाही मिळणार नाही. तेव्हा भीती वाटत असेल तर वाटू द्या. एप्रन घाला, हात धुवा, चोळून ऊबदार करा, आपलं नाव सांगा आणि मी अजून शिकतोय किंवा शिकतेय हेही सांगून टाका. रोगी ते समजून घेतात. मग विचारा, सुरू कधी झालं, आणि मधेच तोडू नका.