पोथीतून पुन्हा ओठांवर

श्रोतेहो, एखादी भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं, की ती भाषाही गेली, असं आपण धरून चालतो. पण गेलेली भाषा परत आल्याची एक हकिकत आज सांगायची आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वांपानोआग नावाचे मूळ रहिवासी राहतात. १६२० साली इंग्रज त्यांच्या मुलखात उतरले. पुढे जॉन एलियट या पाद्र्याने तिथली भाषा शिकून सबंध बायबल तिच्यात उतरवलं. १६६३ साली ते छापून निघालं. अमेरिकेत छापलेलं ते पहिलं संपूर्ण बायबल. भाषांतराला आणि छपाईला तिथल्याच माणसांचे हात लागले होते. हेतू धर्मप्रसाराचा, हे उघडच आहे. पण त्यातून लोक आपली भाषा लिहू-वाचू लागले. जमिनीची खतं, मृत्युपत्रं, अर्ज त्याच भाषेत होऊ लागले.

पुढे लढाया झाल्या, साथी आल्या, जमिनी गेल्या. इंग्रजीचा जोर वाढला आणि एकोणिसाव्या शतकात ती भाषा घराघरांतून उठली. उरले ते कागद.

मग १९९३ साली जेसी लिट्ल डो बेअर्ड या वांपानोआग बाईंनी काम हाती घेतलं. केनेथ हेल या भाषापंडितांकडे त्या शिकल्या. तेच बायबल, तीच जुनी खतं पुढ्यात घेतली; नात्यातल्या इतर भाषांशी शब्द ताडून उच्चार आणि व्याकरण जुळवलं. भाऊबंद जमवून वर्ग सुरू केले. स्वतःच्या लेकीशी त्या जन्मापासून त्याच भाषेत बोलल्या. शंभरावर वर्षांनी ती कुणाची तरी मातृभाषा झाली! २०१६ साली लहान मुलांची शाळाही निघाली.

धर्म बदलण्यासाठी छापलेली पोथी, पण त्याच समाजाच्या लेकीने तिच्यातून आपली वाणी परत मिळवली. मात्र पोथीने शब्द जपले, एवढंच. त्यांत जीव आला तो मुलांच्या तोंडी बसल्यावर.

गुरुजनहो, आपल्याही शाळांत कातकरी, कोलामी, कोरकू बोलणाऱ्या घरांतली मुलं येतात. त्यांना जुने कागद धुंडाळावे लागणार नाहीत. त्यांच्या घरी आजी आहे. एखाद्या दिवशी तिला वर्गात बोलवा, गोष्ट सांगू द्या, आणि मुलांकडून ती लिहून घ्या.