अंगठ्याएवढा चाचा

आमच्या घरात चाचा म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. मराठी शाळेत गेल्यावर कळलं की समुद्रावर लूटमार करणाऱ्यालाही चाचाच म्हणतात. तेव्हापासून हा शब्द कानावर पडला की मला आधी हसू येतं. पण आता सगळ्या जगालाच चाच्याचं हसू येतं. एका डोळ्यावर पट्टी, एक पाय लाकडाचा, खांद्यावर पोपट! लोकांच्या काळजाचं पाणी करणारा हा माणूस विदूषक कसा झाला? ही गोष्ट मला एका खेळातल्या अंगठ्याएवढ्या बाहुल्यांवरून सांगायची आहे.

जर्मनीत २०१० साली ‘फ्रीबूटर्स फेट’ नावाचा एक खेळ निघाला. टेबलावर बंदरातल्या गल्ल्या मांडायच्या आणि त्यांत दोन टोळ्यांची झुंज लावायची. एका बाजूला चाचे, दुसऱ्या बाजूला त्यांच्या मागावरचं शाही आरमार. शिवाय गॉब्लिन म्हणून हिरव्या अंगाचे, लांब नाकांचे गमतीदार चाचेही आहेत. फासे नाहीत, सारा खेळ पत्त्यांचा. घाव घालणारा डोकं, हात, पाय यांची पानं गुपचूप निवडतो. समोरचा कुठला अवयव वाचवायचा याची पानं निवडतो. पानं उघडली की कुणाचं काय गेलं ते कळतं.

या बाहुल्या धातूच्या असतात आणि बिनरंगाच्या मिळतात. रंग आपणच द्यायचा. माझा भाचा संगणकाच्या नोकरीत आहे. सुटीच्या दिवशी डोळ्याला भिंग लावून तो हे काम करतो. आधी साच्याची कड कानशीनं घासायची, मग अस्तराचा हात द्यायचा. त्यावर मूळ रंग. मग पाण्यासारखा पातळ, गडद रंग सोडायचा. तो कपड्यांच्या चुण्यांत उतरतो आणि सावली पडते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की तिथे उजेड पडतो. डोळे म्हणजे पांढरा ठिपका आणि त्यात त्याहून बारीक काळा. पेणचे मूर्तिकार डोळ्यांच्या आखणीच्या वेळी जसे श्वास रोखतात, तसा माझा भाचाही रोखतो. मग म्हणतो, “मामू, बघा, कसा हसतोय!”

चाच्यांना घरी रंगवण्याची ही हौस आजची नाही. १८११ च्या सुमारास लंडनमध्ये कागदी खेळण्यातली नाटकं विकायला आली. गाजलेल्या नाटकांतली पात्रं एका कागदावर छापलेली असत. कोरा कागद एका पेनीला, हातानं रंगवलेला दोन पेन्यांना. चाचे, दरोडेखोर, खलाशी अशी सारी मंडळी त्यांत होती. मुलं ती रंगवत, कापत, पुठ्ठ्यावर चिकटवत आणि घरच्या घरी नाटक करत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक एडिंबरामध्ये लहानपणी असे कागद विकत घेई. १८८४ साली त्यानं त्यावर लेख लिहिला. त्याच्या मते रंगवण्यातही आनंद होता. पण रंगवून झालं की सारी मजा संपली.

याच स्टीव्हन्सननं १८८१ च्या पावसाळी सुटीत, स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी, आपल्या सावत्र मुलाच्या सोबतीनं एका बेटाचा नकाशा रंगवला. त्या रंगीत नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मली. एका पायाचा, खांद्यावर पोपट बसवणारा लाँग जॉन सिल्व्हर तिच्यातलाच. १९५० च्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटननं तो रंगवला. आज चाच्याची नक्कल करताना जो तो “आऽऽर्र” करतो, त्याला न्यूटनच्या बोलण्याचीच लकब कारण आहे.

आता या रंगांखालचं अस्तर पाहू. सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे मोठं जहाज सुरतेकडे परतत होतं. त्यावर हज करून निघालेले यात्रेकरू होते. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं ते गाठलं. लूट कित्येक दिवस चालली. स्त्रियांवर अत्याचार झाले. इतिहासकार खाफी खानानं लिहून ठेवलं आहे की अब्रू वाचवण्यासाठी काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. सुरतेत संतापाची लाट उसळली, मुघल अधिकाऱ्यांनी कंपनीच्या इंग्रजांना कोंडून ठेवलं. एव्हरीचे काही साथीदार १६९६ मध्ये लंडनला फासावर गेले. तो स्वतः कधीच सापडला नाही.

आणि लंडननं काय केलं? त्यानं मुघल शाहजादीशी लग्न केलं, अशी दंतकथा रंगवली. १७१२ साली, म्हणजे सतरा वर्षांतच, ‘द सक्सेसफुल पायरेट’ हे नाटक त्याच्यावर बेतून रंगमंचावर आलं. चाचा नायक झाला. यात्रेकरू विंगेत राहिले.

याच काळात कंपनीच्या कागदांत दुसराही एक ‘चाचा’ वावरत होता, कान्होजी आंग्रे. मराठ्यांचा हा सरखेल कोकण किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे परवाना, मागत असे. न घेणाऱ्यांची जहाजं धरत असे. इंग्रजांना परवाना घ्यायचा नव्हता, म्हणून तो चाचा ठरला. २००७ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतल्या चित्रपटात चाच्यांच्या नऊ सरदारांत एक श्री सुंभाजी आहे. संभाजी आंग्रे हा कान्होजींचा मुलगा. त्याच्या नावाचा हा पडद्यावरचा नमुना चक्क विनोदी आहे. कुणाला चाचा म्हणायचं आणि कुणाला हसायचं, हे ज्याच्या हातात ब्रश आहे तो ठरवतो.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. खेळ टाकून दे, असं म्हटलं नाही. भीतीला हसता येणं ही माणसाची मोठी कमाई आहे, आणि लहान मुलांच्या हातून ती काढून घेऊ नये. एवढंच म्हटलं, की चाच्याला सगळ्यांत आधी हसायला लागले ते त्या जहाजावर नसलेले लोक. बाहुलीवर सावलीचा हात देताना हे ध्यानात असू दे.