तापाच्या गोळीचं कूळ

क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, मेटासिन ही नावं वेगवेगळी, पण आतलं औषध एकच, पॅरासिटामॉल. या घराण्याची सुरुवात मात्र तापाच्या नव्हे, जंतांच्या इलाजातून झाली.

1886 साली, तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्गमध्ये आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांवर नॅप्थलीन देऊन बघत होते. नॅप्थलीन म्हणजे कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्यांचा माल. जंत काही हटेनात, पण रोग्याचा ताप मात्र झपाट्याने उतरला! चौकशी केली, तर बाटलीत नॅप्थलीन नव्हतंच. औषधवाल्याने चुकून अ‍ॅसिटॅनिलाइड दिलं होतं. तेच लवकरच ‘अँटिफेब्रिन’ म्हणून विकलं जाऊ लागलं.

ताप उतरायचा खरा, पण काहींचे ओठ आणि नखं निळी पडायची. औषधामुळे हिमोग्लोबिनचं रूप बदलून त्याची प्राणवायू वाहण्याची ताकद जात होती. पुढच्याच वर्षी बायर कंपनीने रंगांच्या कारखान्यात पडून राहिलेल्या मालापासून फेनासेटिन केलं. ते बरंच सौम्य होतं आणि कित्येक दशकं खपलं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांची त्याने वाट लावली, हे फार उशिरा कळलं.

या सगळ्याच्या आधीच, 1878 साली, हार्मन मोर्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने पॅरासिटामॉल बनवल्याचं प्रसिद्ध केलं होतं. 1893 मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी ते रोग्यांना देऊन पाहिलं आणि यानेही रक्तावर परिणाम होतो असा शेरा मारला. बहुधा त्यांचा नमुनाच शुद्ध नव्हता. त्या एका शेऱ्यापायी हे औषध अर्धशतक अडगळीत पडलं.

त्या काळातही लोकांच्या शरीरात ते तयार होतच होतं, हे 1948 साली उघड झालं. न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी दाखवून दिलं, की अ‍ॅसिटॅनिलाइडचं शरीरात मुख्यतः पॅरासिटामॉल होतं आणि ताप-दुखण्यावर काम करतं ते हेच. शरीर निळं पडायचं ते वेगळ्याच एका घटकाने. अ‍ॅक्सलरॉड यांच्याकडे तेव्हा डॉक्टरेटही नव्हती. पुढे 1970 मध्ये दुसऱ्या संशोधनासाठी त्यांना नोबेल मिळालं. पॅरासिटामॉल 1955 मध्ये अमेरिकेत मुलांचं पातळ औषध म्हणून आणि 1956 मध्ये ब्रिटनमध्ये गोळी म्हणून बाजारात आलं.

ताप म्हणजे मेंदूने शरीराचा पारा मुद्दाम वर चढवून ठेवणं. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं लागतात, आणि पॅरासिटामॉल मेंदूतच त्यांची निर्मिती कमी करतं. वेदनेवर ते नेमकं कसं चालतं, यावर शास्त्रज्ञांचा अजून खल चालू आहे. मुरगळलेल्या पायाची सूज मात्र त्याने फारशी ओसरत नाही. आजारही त्याने बरा होत नाही. मलेरियाचा ताप उतरला तरी मलेरिया अंगातच असतो. डेंग्यूची शंका असेल तर मात्र हीच गोळी बरी, कारण अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

यकृत बहुतेक पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर घालवतं. पण थोड्याशाचं विषारी द्रव्यही करतं. त्या विषाला यकृतातला ग्लुटाथिओन नावाचा पदार्थ निकामी करतो. मात्रा फार झाली की ग्लुटाथिओनचा साठा संपतो आणि विष यकृतालाच पोखरतं. हे 1966 साली एडिंबरामधल्या रुग्णांवरून लक्षात आलं. फसवं असं, की पहिल्या दिवशी जेमतेम मळमळ होते आणि कावीळ दिसते ती दोन-तीन दिवसांनी. उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर उत्तम. म्हणून जास्त गोळ्या गेल्या असतील तर त्रास होण्याची वाट न बघता इस्पितळ गाठावं.

धडधाकट मोठ्या माणसाला एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर आणि दिवसभरात 4 ग्रॅमच्या आत. 650 च्या सहा गोळ्यांतच 3900 होतात, आणि सर्दीच्या गोळीतही बहुधा हेच औषध असतं, ते वेगळंच. दारू रोजची असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मुलांना वजनावर, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. इथे घोटाळा होतो तो बाटल्यांचा. सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये कुठे 120, कुठे 250 मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीत मात्र बहुधा एका मिलिलिटरलाच 100. दहा किलोच्या बाळाला सिरप समजून थेंबांच्या बाटलीतलं चमचाभर पाजलं, तर एका दमात 500 मिलिग्रॅम, म्हणजे डोसाच्या तिपटीहून जास्त, पोटात जातं.