वस्तरा आणि दंडुका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा या संस्थानानें १८९७ सालीं असा कायदा केला कीं, परवान्यावांचून कोणींहि न्हाव्याचा धंदा करूं नये. पोलिसासाठीं असाच परवाना त्याच संस्थानानें सुरू केला तो १९७७ सालीं. आणि तरीहि या बाबतींत सर्व संस्थानांत तें पहिलेंच ठरलें! वस्तरा धरणाऱ्या हाताची परीक्षा आधीं आणि दंडुका व पिस्तूल धरणाऱ्या हाताची ८० वर्षांनीं, असें कां व्हावें?

याचें कारण असें कीं, तेथें पोलीस हा बहुतांशीं संस्थानाचा नव्हे, तर गांवाचा नोकर. एकोणिसाव्या शतकांत त्याची नेमणूक बहुधा पक्षपुढाऱ्यांच्या शिफारशीनें होई. पक्ष पडला कीं शिपाईहि घरीं जाई. शिक्षण म्हणजे अंगावर गणवेश चढविणें आणि गस्तीला धाडणें, एवढेंच. म्हणूनच कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनीं १९०८ सालीं आपल्या शिपायांसाठीं शाळा काढली, ती नवलाची ठरली. पुढें १९३१ सालीं विकरशॅम आयोगानें कबुलीजबाबासाठीं आरोपींना होणारी मारहाण उघडकीस आणली आणि पोलिसांच्या निवडींतील व शिक्षणांतील ढिलाईवरहि बोट ठेविलें.

तरीहि संस्थानांचे कायदे येण्यास १९५९ साल उजाडलें. त्या वर्षीं न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया यांनीं पुढाकार घेतला. कॅलिफोर्नियाची युक्ति मार्मिक होती. सक्ति नाहीं, परंतु जें गांव किमान पात्रतेचे व शिक्षणाचे नियम मान्य करील, त्याला गुन्हेगारांच्या दंडावर बसविलेल्या अधिभारांतून साहाय्य मिळे. १९६७ सालीं राष्ट्राध्यक्षांच्या आयोगानें सर्वच संस्थानांनीं अशीं मंडळें स्थापावीं, अशी शिफारस केली. हवाईनें सर्वांत शेवटीं, म्हणजे २०१८ सालीं, ती अमलांत आणली.

परंतु प्रवेशद्वारावरील परीक्षा पुरेशी आहे काय? २०२० सालीं मिनेसोटांतीलच मिनिआपोलिस शहरांत जॉर्ज फ्लॉइड यांची मान नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघ्याखालीं दाबून ज्यानें त्यांचा जीव घेतला, तो पोलीस परवानाधारकच होता. त्याच्याविरुद्ध पूर्वीं अनेक तक्रारी झाल्या असूनहि तो परवाना अबाधित राहिला होता. पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्नियानें गैरवर्तनी पोलिसाचें प्रमाणपत्र काढून घेण्याचा अधिकार आपल्या मंडळास दिला. बहुतेक संस्थानांत तो पूर्वींपासूनच होता. मिनेसोटाची हकीकत मात्र असें सांगते कीं, कायद्यांत अधिकार असणें वेगळें आणि वेळींच तो वापरणें वेगळें.